१२४ की १२६?

उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात साखर दर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाली, की मधुमेहाची शंका घेतली जाते. १२४ निघाली, तर पथ्य आणि व्यायाम सांगून पेशंटला घरी पाठवतात. दोन्हींतला फरक दोन टक्क्यांहूनही कमी, आणि तेवढा तर चांगल्या यंत्रातही पडतो. म्हणूनच लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करूनच निदान करायचं, असा दंडक आहे. पण दोन्ही वेळा यंत्र एकाच बाजूला चुकत असेल तर?

ते पकडायची सोय लॅबमध्ये असते. सकाळी पेशंटचे नमुने लावण्याआधी टेक्निशियन 'कंट्रोल' लावतो. साखरेचं प्रमाण आधीच ठाऊक असलेला हा द्रव सहसा दोन पातळ्यांचा असतो, एक नॉर्मल आणि एक वाढीव. येणारा आकडा तो आलेखावर मांडतो. लेव्ही आणि जेनिंग्ज या अमेरिकन संशोधकांनी १९५० साली कारखान्यांतली ही पद्धत लॅबमध्ये आणली. मधे सरासरीची रेघ, वर-खाली दोन आणि तीन प्रमाण विचलनांच्या रेघा. ठणठणीत यंत्राचाही साधारण विसांतला एखादा ठिपका दुसऱ्या रेघेबाहेर जातो. तिसरी ओलांडली की काम थांबवायचं आणि कारण सापडेपर्यंत एकही रिपोर्ट बाहेर सोडायचा नाही.

खरी परीक्षा होते ती सगळे ठिपके मर्यादेत असताना. सलग दहा ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर तो योगायोग मानत नाहीत. नाणं उडवून सलग दहा वेळा छापाच पडावा, तसं ते असतं. यंत्राचा दिवा जुना झालेला असतो, रसायन उतरलेलं असतं किंवा कॅलिब्रेटर चुकीचा कालवलेला असतो. हा कॅलिब्रेटर बहुधा कोरडी पूड म्हणून येतो. तिच्यात नेमकं ५ मिलिलिटर पाणी घालायचं असेल आणि पिपेटने थोडं कमी टाकलं, तर द्रावण दाट होतं. यंत्र मात्र लेबलवरचाच आकडा खरा धरतं आणि पुढच्या प्रत्येक पेशंटची साखर कमी दाखवतं.

म्हणजे पिपेटही तपासायला हवी. त्यासाठी तिच्यातून पडलेलं पाणी तराजूवर तोलतात. तो तराजू प्रमाणित वजनांनी तपासलेला असतो, आणि ती वजनं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या मानकांशी जोडलेली असतात. तिथे ५७ क्रमांकाचा प्रमाण किलोग्रॅम आहे. २० मे २०१९ पासून मात्र किलोग्रॅमची व्याख्याच प्लांकच्या स्थिरांकावर बांधलेली आहे. कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट उपकरणाची चूक किती आणि त्या मोजणीतली अनिश्चितता किती, एवढंच सांगतं. ते न वाचता फाइलला लावून ठेवलं, तर पेशंटला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आणि एवढं सगळं यंत्राशी पोचलेल्या नमुन्यापुरतं. साध्या ट्यूबमधलं रक्त तसंच ठेवलं, तर पेशी साखर खात राहतात आणि तासाला ५ ते ७ टक्के साखर घटते. त्यामुळे तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर घेतलेला नमुना शहरात जाईपर्यंत कसा ठेवला, याला मशिनच्या किमतीइतकंच महत्त्व आहे. साखरेच्या नमुन्याला फ्लोराइड घातलेली, करड्या झाकणाची ट्यूब वापरतात ती याचसाठी. पण फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायलाही तास-दोन तास लागतात. म्हणून रक्त लवकर फिरवून प्लाझ्मा वेगळा करणं बरं.

लॅब स्वतःच स्वतःला तपासते, यावर भागत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्था लॅबना नमुने पाठवतात. त्यातलं उत्तर लॅबला माहीत नसतं. असा सहभाग, कंट्रोलच्या नोंदी, माणसांचं प्रशिक्षण हे सगळं पाहून एनएबीएल ही संस्था आयएसओ १५१८९ या मानकानुसार मान्यता देते. पाणी, माती, सिमेंट तपासणाऱ्या लॅबना १७०२५ लागू होतं. ही मान्यता सरसकट लॅबला मिळत नाही, एकेका तपासणीला मिळते. साखरेला असेल, तरी ड जीवनसत्त्वाला असेलच असं नाही. कोणत्या तपासण्या मान्य आहेत ती यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली असते. दारावरची पाटी पाहून पैसे भरण्याआधी त्या यादीत आपली तपासणी शोधावी, आणि नसेल तर काउंटरवर सरळ विचारावं.