नोंदणी न झालेली आयात मोटार : विक्रीपूर्वी काय पहावे?

परदेशात नोकरीनिमित्त काही वर्षे काढलेल्या गृहस्थाने मायदेशी परतताना आपली मोटार जहाजाने सोबत आणावी, सीमाशुल्क भरून ती बंदरातून सोडवून घ्यावी आणि पुढे नोंदणीचा व कराचा खर्च ऐकून ती तशीच विकून टाकण्याचा बेत करावा, असे प्रसंग अधूनमधून घडतात. मोटार डौलदार असते, किंमत मोहात पाडणारी असते. मुद्रांक कागदावर करारनामा तयार होतो आणि साक्षीदार म्हणून सही करण्यासाठी गावातील शिक्षकास अथवा पंचायत सदस्यास बोलावणे जाते. सही करणाऱ्याने तरी हा व्यवहार नेमका कशाचा आहे, हे समजून घेणे इष्ट ठरेल.

मोटार ही कायद्याच्या दृष्टीने चीजवस्तू आहे. १९३० च्या माल विक्री अधिनियमानुसार तिची मालकी विक्रेता व खरेदीदार यांच्या इराद्याप्रमाणे हस्तांतरित होऊ शकते. तेव्हा नोंदणी नाही, एवढ्याच कारणाने विक्री रद्दबातल होत नाही. मात्र मालकी मिळणे वेगळे आणि मोटार रस्त्यावर आणण्याचा अधिकार मिळणे वेगळे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ अन्वये नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही आणि मालकास ते दुसऱ्याकडून चालवूनही घेता येत नाही. हा नियम मोडल्यास कलम १९२ प्रमाणे पहिल्या अपराधाला दोन हजार ते पाच हजार रुपये दंड होतो. पुढील अपराधाला कैदेचीही तरतूद आहे. बंदरातून घरापर्यंत मोटार आणावयाची तर कलम ४३ खालील तात्पुरती नोंदणी असते, तीही मुदतबंद.

नेहमीच्या जुन्या मोटारीच्या विक्रीत नमुना २९ व ३० भरून नाव बदलले जाते. हे नमुने नोंदणी पुस्तकावर आधारलेले आहेत. ज्या मोटारीला पुस्तकच नाही, तिच्याबाबतीत ते भरून देणारा कोण आणि स्वीकारणारा कोण? अशा खरेदीदारास प्रथम नोंदणीसाठीच अर्ज करावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ४७ प्रमाणे आयात मोटारीच्या अर्जासोबत सीमाशुल्क विभागाचे मंजुरीपत्र आणि परवाना व बंधपत्र असल्यास तेही जोडावे लागते. ही सर्व कागदपत्रे आणणाऱ्याच्या नावाची असतात. बंधपत्रात ठराविक काळ विक्री न करण्याची हमी असेल, तर ती मुदत संपेपर्यंत व्यवहाराचा विचारही करू नये. घातलेली अट मोडली म्हणून सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १११ खाली मोटार जप्तीस पात्र ठरते. कलम १२५ नुसार जप्तीऐवजी दंड भरून ती सोडविण्याची मुभा देता येते, पण त्यावर देय शुल्क वेगळे भरावे लागते.

याकरिता सरळ मार्ग हाच, की आणणाऱ्याने मोटारीची नोंदणी आधी आपल्याच नावे करून घ्यावी आणि मग विक्री करावी. महाराष्ट्रात आयात मोटारीवरील एकरकमी कर देशी मोटारीपेक्षा चढ्या दराने आहे, त्यामुळे विक्रेता हा खर्च टाळू पाहतो. तो टाळलेला खर्च किंमत कमी करून खरेदीदाराच्या माथी मारला जातो, एवढेच.

काही मोटारींना तर हा मार्गही खुला नसतो. वापरलेली मोटार आयात करावयाची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी, तिचे सुकाणू उजवीकडे असावे आणि ती मुंबई बंदरातूनच उतरावी, अशा अटी आयात धोरणात आहेत. आखाती देशांतील रहदारी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत असल्याने तेथील मोटारींचे सुकाणू डावीकडे असते. मस्कत वा दुबईत हौसेने घेतलेली मोटार कोकणात आणण्याचे स्वप्न बहुधा याच अटीपाशी अडते.

दुसरा प्रकार पर्यटकांच्या मोटारींचा. १९६० आणि १९७० च्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असा खुष्कीचा प्रवास करीत मोटारी व व्हॅन भारतात येत, त्यांतील काही गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचत. आजही असे प्रवासी येतात. त्यांच्यापाशी कार्ने नावाचे हमीपत्र असते. मोटार ठरल्या मुदतीत देशाबाहेर नेली जाईल, या बोलीवर शुल्क न घेता तिला प्रवेश दिलेला असतो. अशी मोटार परत नेण्यासाठीच आलेली असल्याने ती येथे विकणे हा त्या बोलीचा भंग होय. पैसे संपलेला प्रवासी ती कितीही स्वस्त देत असला तरी हात लावू नये.

खरेदीदाराची स्थिती किती अवघड होते, हे अलीकडील दोन प्रकरणांवरून दिसते. २००२ मध्ये आयात झालेल्या एका पोर्श मोटारीचे चॅसिस क्रमांक व निर्मितिवर्ष बदलल्याचा ठपका सीमाशुल्क विभागाने ठेवला आणि शुल्काची मागणी मात्र नंतरच्या खरेदीदाराकडे केली. नंतरचा खरेदीदार ‘आयातदार’ ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिला. खरेदीदार सुटला खरा, पण त्यासाठी त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये कोची येथील सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी, भूतानमार्गे शुल्क चुकवून आणल्याच्या व बनावट कागदांवर अन्य राज्यांत नोंदल्याच्या संशयावरून केरळात तीसहून अधिक मोटारी ताब्यात घेतल्या. म्हणजे नोंदणी पुस्तक हाती असले तरी त्यामागील आयातीचे कागद पाहणे सुटत नाही.

पाहावयाचा मुख्य कागद म्हणजे बिल ऑफ एंट्री. त्यावर आणणाऱ्याचे नाव, मोटारीचे वर्णन आणि भरलेले शुल्क यांची नोंद असते. छायाप्रतीवर विसंबू नये. साक्षीदाराने सही करण्यापूर्वी विक्रेत्याचे नाव त्यातील नावाशी ताडून पाहावे. मोटारीवर कोरलेल्या चॅसिस क्रमांकावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरविली, की ठसा उमटतो. तो ठसा बिल ऑफ एंट्रीतील क्रमांकाशी अंकानुअंक जुळवावा आणि एका अंकाचीही तफावत आढळल्यास बयाणा देऊ नये.