‘छावा’ वाचून झाल्यावर

नांदेडच्या वजिराबादेत विचारा, नाहीतर लातूरच्या गंजगोलाईजवळच्या एखाद्या पुस्तकाच्या दुकानात. ‘ऐतिहासिक काहीतरी चांगलं सांगा’ म्हटलं की पुढ्यात येणारी नावं ठरलेली: ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘मृत्युंजय’, ‘छावा’, ‘पानिपत’. यातलं पहिलं १९६२चं, शेवटचं १९८८चं. आजीनं आईला सुचवलेली पुस्तकं आई आता लेकीला सुचवते आहे. २०२५मध्ये ‘छावा’वर सिनेमा आला, तेव्हा एरवी कादंबरी हातात न धरणारेही ती मागू लागले. चांगलंच झालं. पण ती वाचून झाल्यावर पुढे काय, असं विचारणाऱ्याला आपण ‘संभाजी’ देतो. विश्वास पाटलांची. म्हणजे तोच राजा, तेच संगमेश्वर, तीच तुळापूरची वाट.

आणि ‘मृत्युंजय’ तर इतिहासही नव्हे, कर्णाची कादंबरी. तरी ती ऐतिहासिकांच्याच फळीवर असते आणि आजवर कुणाची हरकत आल्याचं ऐकिवात नाही. आमच्याकडे इतिहास आणि अद्भुत यांची फळी पूर्वीपासून एकच आहे. मला त्यात गैर वाटत नाही. तक्रार आहे ती सुचवणाऱ्यांबद्दल. पुस्तक हातात देताना ‘भारी आहे, वाच’ एवढ्यावर भागवतात. यात घडलेलं किती, रचलेलं किती, आणि हे वाचल्यावर त्याच्या शेजारी काय ठेवायचं, हे कुणी सांगत नाही.

सांगावं कसं, याचा नमुना नांदेडातच घडलेला आहे. नरहर कुरुंदकर पीपल्स कॉलेजात शिकवत, पुढे तिथेच प्राचार्य झाले. त्यांनी रणजित देसाईंना शिवाजी महाराजांविषयी लिहिलेलं लांबलचक पत्र ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडलं गेलं. प्रस्तावना म्हणजे चार गोड शब्द आणि लेखकाला आशीर्वाद, ही आपली सवय. इथं प्रस्तावनाकारच बखरींची उलटतपासणी घेतो, कुठल्या कथेला आधार आहे आणि कुठली मागाहून चिकटली ते तपासतो. अफझलखान, आग्रा, सुरत ही प्रकरणं लोकांच्या तोंडी आहेत. कुरुंदकर बोट ठेवतात ते महाराज गेल्यानंतरच्या काळावर. १६८०मध्ये महाराज गेले. औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला. १६८९मध्ये संभाजीराजे मारले गेले, राजाराम जिंजीला गेले, आणि तरीही १७०७मध्ये औरंगजेब मरेपर्यंत माणसं लढत राहिली. खजिना नाही, पगाराची शाश्वती नाही, डोक्यावर राजा असून नसल्यासारखा. मग लढत कुणासाठी होते? या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलं की शिवाजी महाराज कळायला लागतात, असा त्यांचा रोख.

ही प्रस्तावना बहुतेक जण ओलांडून थेट पहिल्या प्रकरणाला भिडतात आणि मागे वळून येत नाहीत. माझं म्हणणं, आधी वाचूच नये. आधी कादंबरीत मनसोक्त रमावं, रडावंसं वाटलं तर रडून घ्यावं, आणि मग प्रस्तावनेकडे यावं. कादंबरीनं जे भारलेपण दिलेलं असतं त्यातलं किती उरतं आणि किती विरतं, ते तेव्हाच कळतं. ज्याला हा खेळ आवडला त्याच्या हातात कुरुंदकरांचंच ‘धार आणि काठ’ द्यावं. मराठी कादंबरीच्या वाटचालीचं इतकं निर्भीड मूल्यमापन सहसा वाचायला मिळत नाही.

अद्भुताकडे वळायचं तर सुरुवात श्रावणातल्या पोथीवाचनापासून करावी लागेल. वाचकांनी एकत्र जमून एकच पुस्तक वाचणं ही शहरातली नवी टूम समजली जाते. आमच्या खेड्यांत ते मारुतीच्या पारावर आणि वाड्याच्या ओसरीवर चालतच होतं. एक जण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा. अर्थ सांगणारा शाळेत फार गेलेला असेच असं नाही, पण पोथी त्याला तोंडपाठ. मधेच कुणीतरी म्हातारी विचारायची, ‘महाराज, ते अस्त्र मागं कुणी दिलं होतं?’ की वाचन थांबायचं, मागच्या अध्यायातली हकिगत पुन्हा निघायची, तिच्यातून तिसरीच निघायची. ‘पांडवप्रताप’ चालायचा, ‘हरिविजय’ चालायचा. पण पोरं झोप मोडून बसायची ती ‘नवनाथ भक्तिसारा’ला. धुंडिसुत मालूनं १८१९मध्ये पुरा केलेला हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ. उकिरड्यावर टाकलेल्या भस्मातून निघालेला गोरख, चिखलाच्या बाहुल्यातून जिवंत झालेला गहिनी, स्त्रीराज्यात गुंतून पडलेले मच्छिंद्र आणि त्यांना सोडवायला निघालेला शिष्य. अस्त्राला प्रतिअस्त्र, मंत्राला प्रतिमंत्र. श्रद्धेनं ऐकणाऱ्यांनी श्रद्धेनं ऐकावं. पण गोष्ट म्हणून वाचलं तरी हे मराठीतलं एक अस्सल अद्भुत आहे. ज्या घरात याचं पारायण होतं त्याच घरात नातवाच्या हातातल्या हॅरी पॉटरला ‘काहीतरी जादूटोणा’ म्हणून नाकं मुरडली जातात, याची मोठी गंमत वाटते.

याच गोदावरीच्या काठी, नांदेडच्या वरच्या अंगाला, पैठण आहे. तिथली गुणाढ्याची दंतकथा सुचवणाऱ्यांनी आणि नाकारणाऱ्यांनी, दोघांनीही वाचावी. गुणाढ्यानं पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली, शाई मिळेना म्हणून रक्तानं लिहिली, आणि शिष्यांकरवी सातवाहन राजाकडे पाठवली. राजानं भाषा बघूनच ती परत लावली. पिशाचांची बोली, त्यात रक्तानं लिहिलेली, दरबारात कोण ऐकणार? मग गुणाढ्यानं डोंगरावर अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळत सुटला. जनावरं चरणं विसरून ऐकत उभी राहिली आणि वाळत गेली. राजाच्या ताटात रसहीन मांस येऊ लागलं, राजा आजारी पडला, चौकशी झाली, आणि राजा धावत डोंगरावर पोचला तेव्हा सहा लाख श्लोकांची राख झालेली होती. उरले एक लाख. थोडक्यात, राजाला वाचक बनवलं ते वाळक्या मटणानं. ही हकिगत अकराव्या शतकातल्या काश्मिरी सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त येते. मूळ ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही. ‘कथासरित्सागर’ मात्र ह. अ. भावे यांच्या मराठी अनुवादात मिळतो, आणि वेताळाच्या पंचवीस गोष्टीही त्यातच आहेत. लहान मुलांसाठी कापूनछाटून काढलेल्या आवृत्तीपेक्षा हा थोराड ग्रंथच घ्यावा. त्यातले व्यापारी, चोर, गणिका आणि लबाड संन्यासी लहान मुलांसाठी नाहीतच.

तीच गोष्ट ‘अरेबियन नाइट्स’ची. निजामी राज्यात उर्दूतून शिकलेल्या आमच्या आजोबांच्या पिढीला अलिफ लैला परकी नव्हती. मराठीत गौरी देशपांडे यांनी सत्तरच्या दशकात बर्टनच्या इंग्रजीवरून तिचे सोळा खंड केले. एका बाईनं एवढं प्रचंड काम हातावेगळं केलं, आणि आपण अजून अल्लाउद्दीन आणि अलीबाबावरच अडलेलो. सोळा खंड झेपणार नसतील तर पहिले दोन घ्यावेत. शहराजादीची गोष्टीत गोष्ट घालायची रीत तेवढ्यानंही कळते.

नव्या मराठी अद्भुताबद्दल भरभर सांगतो. नारायण धारपांची आठवण ‘तुंबाड’ सिनेमानं २०१८मध्ये करून दिली. त्यांच्या समर्थांच्या कथा आणि ‘लुचाई’ रात्री एकटं असताना वाचाव्यात, दिवसा त्यांची मजा जाते. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा याच्याच शेजारच्या. जी. ए. कुलकर्णींचं ‘रमलखुणा’ भयकथा मागणाऱ्याला देऊ नये, तो रागावेल. पण ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या त्यातल्या दोन दीर्घकथांची अनोळखी नगरं, तिथले विधी आणि शाप परदेशी काल्पनिकांवर वाढलेल्या तरुण वाचकाला जवळचे वाटतात. टोल्किनची महाकादंबरी मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावानं मराठीत आणली आहे. सुरुवातीची पानं रेटावी लागतात, हे आधीच सांगून द्यावं. न सांगता दिलेलं पुस्तक आठवड्यात परत येतं. भारत सासणे मात्र आमच्याच मुलखातले, जालन्याचे. एप्रिल २०२२मध्ये उदगीरला भरलेल्या ९५व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि मुलांसाठीच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या त्यांच्या कादंबरीला २०२४चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. संमेलनात त्यांची भाषणं गाजली. पुस्तकं तितकी फिरली असती तर बरं झालं असतं.

उदगीरचं नाव निघालंच आहे तर ‘पानिपत’कडे येऊ. आमच्याकडच्या वाचकाला पानिपत म्हणजे दूर उत्तरेतलं काहीतरी वाटतं. पण १७६०च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं ते लातूर जिल्ह्यातल्या या उदगीरला. तोफखान्यासह इब्राहिमखान गारदी तेव्हा भाऊंच्या बाजूला होता. दौलताबाद, अशीरगड, बुऱ्हाणपूर, विजापूर अशी ठाणी पदरात पडली. त्या विजयानं वाढलेला विश्वास घेऊन भाऊ वर्षाच्या आतच, १४ जानेवारी १७६१ला, पानिपतावर उभे होते. सपाट मैदानात गिलच्यांच्या घोडदळासमोर कवायती पायदळाचा आणि तोफांचा भरवसा का धरला गेला, याचं निदान अर्धं उत्तर उदगीरला सापडतं. म्हणून ‘पानिपत’ वाचलेल्या माणसाला मी आधी उदगीरचा किल्ला बघून यायला सांगतो आणि मग एक छोटी कथा देतो: जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचं पानिपत’. इतिहासाचे अभ्यासक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पडतात जिथं विश्वासरावांना गोळी लागलेली नाही आणि लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. अद्भुत म्हणावं तर आहे, विज्ञानकथा म्हणावं तर आहे, आणि तरी इतिहास कसा वाचावा याचा धडा तिच्याइतका नेमका मिळत नाही. इंग्रजी रूपात ती अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे. मराठी मुलं तीच कथा इंग्रजीतून प्रश्नोत्तरांसाठी वाचतात. नारळीकर मे २०२५मध्ये गेले. त्यानंतर तरी मराठी मूळ शोधून वाचायला हरकत नव्हती.

आता सगळ्यात दुबळी फळी: आपला स्वतःचा इतिहास. राष्ट्रकूट स्वतःला लत्तलूरचे म्हणवत, आणि हे लत्तलूर म्हणजेच लातूर असं अभ्यासक मानतात. अ. स. आळतेकरांचा राष्ट्रकूटांवरचा ग्रंथ १९३४चा, इंग्रजीत. लातुरात किती जणांनी पाहिला असेल कोण जाणे. ब्रह्मानंद देशपांडे यांचं ‘देवगिरीचे यादव’ मराठीतच आहे. नांदेडला १७०८मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरुपद दिलं. पुस्तकाचा याहून मोठा सन्मान कुठं झाला असेल? पण त्या घटनेवरचं एखादं चांगलं मराठी पुस्तक मागितलं की दुकानदार आत जाऊन शोधतो आणि हात हलवत परत येतो.

हैदराबाद मुक्तीच्या १७ सप्टेंबर १९४८चं तसं नाही. अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ आहे, कुरुंदकरांचं ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ आहे. ३० जानेवारी १९४८ला, गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. ही हकिगत कुठल्याही साहसकथेला मागे टाकेल. मात्र या पुस्तकांबरोबर सुंदरलाल समितीच्या अहवालाविषयीही वाचावं. पोलिस कारवाईनंतर मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्यात सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत या अहवालानं उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावं घेतली आहेत, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. ध्वजवंदनाच्या भाषणांत रझाकार येतात, हे येत नाही. एकाच घरात एक पुस्तक वाचून दुसरं नको म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याशी वाद घालत बसू नये, पुस्तक टेबलावर ठेवून यावं.

राहिली अभ्यासिकांतली मुलं. लातूर पॅटर्नच्या या शहरात आणि नांदेडातही सकाळी सहापासून खुर्ची धरून बसणारी ही पोरं इतिहास वाचतात, पण ‘ग्रोव्हर-बेल्हेकर’मधून, मुद्दे काढून, रंगीत पेनानं अधोरेखित करून. कादंबरी त्यांना वेळ घालवणं वाटतं. त्यांना मी सेतुमाधवराव पगडींचं ‘जीवनसेतु’ देतो. पगडी निलंग्याचे, १९१०चा जन्म, निजामाच्या मुलकी सेवेतले अधिकारी. नोकरीत आदिवासी मुलखाशी संबंध आला तर गोंडी आणि कोलामी शिकले, त्यांची व्याकरणं लिहिली. फारसी येत होती म्हणून भीमसेन सक्सेनाची ‘तारीखे दिलकुशा’ मराठीत आणली, मोगल दरबाराची बातमीपत्रं आणली. शिवकालाकडे मोगलांच्या छावणीतून बघायची सोय मराठी वाचकाला बऱ्याच अंशी या माणसानं करून दिली, आणि ‘छावा’ वाचून झाल्यावर काय, याचं माझ्याकडचं खरं उत्तर भीमसेन आहे. पण मुलांना आधी पगडीच द्यावे लागतात. उपजिल्हाधिकारी व्हायला निघालेल्या मुलाला, आपल्याच जिल्ह्यातला एक अधिकारी फायली सांभाळून हे सगळं करत होता, याचं नवल वाटतं. ‘सर, हे परीक्षेला येतं का?’ असं विचारतात. मुलाखतीला येतं, म्हणून सांगतो. मग पुस्तक घेऊन जातात, आणि परत द्यायला येतात तेव्हा भीमसेन मागतात.