चेनसॉचा सायलेन्सर फोडण्यापूर्वी

चेनसॉची ताकद वाढावी म्हणून काही जण सायलेन्सरला जादा छिद्र पाडतात. धुराला मोकळी वाट मिळून यंत्र जोर धरते, हे खरे. परंतु मिश्रणात हवा वाढून पेट्रोल कमी पडते. टू-स्ट्रोक इंजिनास वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. कार्बोरेटरचा स्क्रू त्यानुसार जुळवला नाही, तर पिस्टन तापून त्यावर ओरखडे पडतात. आवाज तर आधीच १०० डेसिबलच्या पुढे असतो. तो आणखी वाढतो.

मुळात जोर घटण्याचे कारण अनेकदा साधे असते : सायलेन्सरमधील ठिणगीरोधक जाळी काजळीने बुजलेली असते. इंजिन थंड झाल्यावर ती काढून तारेच्या ब्रशने स्वच्छ करावी आणि न विसरता पुन्हा बसवावी. उन्हाळ्यात वाळल्या गवताला एक ठिणगीही पुरते.