मोटारीचा नाद आणि पटाची जोडी : वेगाच्या हौसेचा एक विचार

प्रस्तावना :

छंद, हौस, शौक आणि नाद हे शब्द मराठीत पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. वस्तुतः त्यांच्यात एक चढती श्रेणी आहे. छंदाला फावला वेळ पुरतो, हौसेला पैसा लागतो. नाद मात्र वेळ, पैसा आणि घरच्यांचा शब्द या तिन्हींचा हिशेब सोडायला लावतो. 'हौसेला मोल नसते' असे आपण सहज म्हणतो, पण ते मोल कोणीतरी मोजतच असते. प्रस्तुत लेखात वेगवान वाहन बाळगण्याच्या व त्यात सतत फेरबदल करीत राहण्याच्या नादाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. स्पोर्ट्स कार हे त्याचे जगभर ओळखीचे उदाहरण होय. तथापि, मँगनीजच्या खाणी, धानाच्या बांध्या आणि मध्यप्रदेशची सीमा यांच्यामध्ये वसलेल्या नाकाडोंगरीसारख्या गावी अशी मोटार दिसणे दुर्मीळच. तिच्यामागील वृत्ती मात्र या परिसराला नवी नाही. ती झाडीपट्टीत शंकरपटाच्या रूपाने पूर्वीपासून नांदत आहे.

मोटारीतील फेरबदल :

कारखान्यातून बाहेर पडलेली मोटार ही एक तडजोड असते. इंधनाची बचत, आरामदायी बैठक, खड्ड्यांचे रस्ते, किंमत आणि सुरक्षितता या सर्वांना थोडाथोडा न्याय देऊन ती तयार केलेली असते. शौकिनाला ही तडजोड मान्य नसते. त्याचे पहिले लक्ष इंजिनच्या श्वासाकडे जाते. अधिक हवा आत आली व जळालेला वायू विनाअडथळा बाहेर गेला तर शक्ती वाढते. म्हणून हवेची गाळणी आणि सायलेन्सर बदलले जातात, टर्बोचार्जर बसविला जातो, इंजिनवर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकाची आज्ञावली बदलली जाते. दुसरे लक्ष वजनाकडे असते. केवळ अश्वशक्ती वाढवून भागत नाही. ती किती वजन ओढते या गुणोत्तरावर गाडीची चपळाई ठरते. तिसरा बदल उंचीचा. गाडी जमिनीलगत आणली की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी कलते. मात्र वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी लागणारे अंतर साधारण चौपट होते, आणि ब्रेकवरील खर्च शौकिनाच्या यादीत बहुधा शेवटी येतो.

महाराष्ट्रात या नादाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांनी. १९९३ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या डीसी डिझाइनने असंख्य मोटारींची रूपे पालटली. २००४ च्या 'टार्झन : द वंडर कार' या हिंदी चित्रपटातील मोटार त्यांनीच टोयोटाच्या एका मोटारीवरून घडविली होती. पुढे २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये त्यांनी 'अवंती' ही स्पोर्ट्स कार सादर केली. चित्रपटातील त्या मोटारीने लहान गावांतील मुलांपर्यंत एक कल्पना पोहोचविली : गाडी विकत घेतल्यावर काम संपत नाही, तेथून ते सुरू होते. आज वर्गाच्या खिडकीबाहेरून फटाक्यासारखा आवाज करीत जाणारी मोटारसायकल हा त्याच कल्पनेचा स्वस्तातील अवतार आहे. व्याख्यानात व्यत्यय येतो हे खरे. पण त्या मुलाने सायलेन्सर स्वतः उघडून पाहिलेला असतो, हेही नोंदविले पाहिजे.

पटाची जोडी :

धानाची मळणी आटोपली की झाडीपट्टीत मंडईचे आणि पटांचे दिवस येतात. दिवसा पट, रात्री नाटक आणि घरोघरी पाहुणे असा हा हिवाळ्याचा क्रम. सोयरिकीच्या गोष्टीही याच पाहुणचारात निघतात. पुणे जिल्ह्यातील बैलगाडा शर्यत घाटाच्या चढणीवर होते व तिच्यात बैलांपुढे घोडी धावते. आपल्याकडील पट सपाट धावपट्टीवरचा. एक जोडी, एक धुरकरी आणि सेकंदाच्या अंशापर्यंत मोजलेली वेळ.

येथे फेरबदलाचे तर्कशास्त्र मोटारीसारखेच दिसते. पटाचा छकडा म्हणजे शेतातील बंडी नव्हे. बंडीला धानाची पोती वाहायची असतात, छकड्याला फक्त धुरकरी. म्हणून जेथे लाकूड तासता येईल तेथे ते तासलेले असते. बैलांची निवड हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. वर्धा-नागपूर ते शिवनी-बालाघाटपर्यंत पसरलेली गवळाऊ ही जात हलक्या बांध्याची व चपळ म्हणून ओळखली जाते. मराठ्यांच्या फौजांची जलद वाहतूक तिच्यावर होत असे, असे मानले जाते. दोन उत्तम बैल मिळाले म्हणजे उत्तम जोडी झाली असे नाही. उंची, पावलांचे अंतर आणि स्वभाव जुळले नाहीत तर जू एका बाजूला ओढले जाते. दूध, अंडी, भिजवलेली डाळ असा खुराक, रोजची मालिश आणि सरावाची फेरी यांत पटशौकिनाचे वर्ष निघून जाते.

थॉर्स्टिन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' या ग्रंथात शर्यतीच्या घोड्याचा विचार केला आहे. असा घोडा उत्पादक कामाला निरुपयोगी आणि खर्चिक असतो; म्हणूनच तो मालकाच्या ऐपतीची व चढाओढीची खूण ठरतो, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. ट्रॅक्टर आल्यानंतर पटाच्या बैलालाही हे लागू पडते. पूर्वी नांगराचाच बैल हौसेने पटात उतरे. आता पटाचा बैल नांगराला सहसा जुंपला जात नाही. तरीही व्हेब्लेन येथे अपुरा वाटतो. केवळ मिरविण्यासाठी तयार मोटार विकत घेणारा आणि रात्री उशिरापर्यंत गॅरेजमध्ये हात काळे करणारा हे दोघे एक नव्हेत. बैलाचे शेण पाहून त्याची प्रकृती सांगणाऱ्या माणसाकडे जे ज्ञान आहे, ते दिखाऊ उपभोग या संज्ञेत मावत नाही. मात्र या ज्ञानाचे श्रेय ध्वनिक्षेपकावरून एकाच नावाने पुकारले जाते. गवताचा भारा आणणारी, खुराक रांधणारी आणि जोडीच्या खर्चासाठी स्वतःची गरज पुढे ढकलणारी घरातील स्त्री त्या पुकाऱ्यात नसते.

मालकी आणि तिच्या मर्यादा :

'माझी वस्तू, मी हवे ते करीन' हा शौकिनाचा आवडता युक्तिवाद आहे. कायद्याला तो दोन्ही ठिकाणी मान्य नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका अधोरेखित केली. येथे कायदा रस्त्यावरील इतरांचे रक्षण करतो. पटाच्या बाबतीत मात्र ज्याच्यात फेरबदल केला जातो, त्याचेच रक्षण करण्याचा प्रश्न आहे. ७ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतींनाही मनाई केली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, हा त्यातील एक मुद्दा होता. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व पशुवैद्यकीय तपासणी लागते आणि चाबूक, काठी किंवा विजेचा धक्का वापरण्यास मनाई आहे.

हे नियम पटशौकिनांना जाचक वाटतात; प्रस्तुत लेखकास ते किमान वाटतात. इंजिनवर ताण पडला की काटा लाल रेषेवर जातो आणि ती रेषा कारखान्याने आखून दिलेली असते. बैलाच्या बाबतीत ती रेषा मालकाला स्वतः ओळखावी लागते, आणि बक्षीस समोर असताना ती ओळखण्याची त्याची इच्छा कमी होते. पण बंदीच्या काळाची एक बाजू न्यायालयीन चर्चेत फारशी आली नाही. मोटार साडेसात वर्षे शेडमध्ये झाकून ठेवता येते व नंतर बॅटरी बदलून पुन्हा रस्त्यावर आणता येते. २०१४ च्या मे महिन्यात चार वर्षांचा असलेला बैल डिसेंबर २०२१ मध्ये साडेअकरा वर्षांचा झाला होता.