हेलिकॉन आयनद्रायू उद्‌गम

चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या नळीतील विरल वायूचे रेडिओ कंप्रतेच्या (कंप्रता म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) तरंगांच्या साहाय्याने दाट आयनद्रायूत रूपांतर करणारे साधन. सुटे इलेक्ट्रॉन व धन विद्युत् भारित आयन यांच्या, एकंदरीत विद्युत् दृष्ट्या उदासीन असलेल्या मिश्रणाला आयनद्रायू म्हणतात. या साधनात ज्या तरंगांद्वारे ऊर्जा नळीत नेली जाते, त्यांना हेलिकॉन तरंग हे नाव आहे. नळीबाहेरील आकाशकातून म्हणजे अँटेनातून ऊर्जा पुरविली जात असल्याने कोणतेही विद्युत् अग्र आयनद्रायूच्या संपर्कात येत नाही. अवकाशयानांच्या विद्युत् प्रचालनाच्या दृष्टीने या गोष्टीला विशेष महत्त्व आहे.

रासायनिक रॉकेटातून बाहेर पडणाऱ्या वायूंचा वेग सु. ४·५ किमी./से. च्या पलीकडे सहसा जात नाही. विद्युत् प्रचालनात मात्र आयन काही दशक किमी./से. वेगाने मागे फेकले जातात व त्यामुळे प्रचालक द्रव्य थोडे पुरते. रेटा अल्प असल्याने असे एंजिन हजारो तास चालवावे लागते आणि तेथे झिजेचा प्रश्न उपस्थित होतो. १९९८ मध्ये सोडलेल्या ‘डीप स्पेस १’ या अमेरिकन यानाच्या आयन एंजिनाची एक राखीव प्रत जमिनीवरील निर्वात कोठीत ३०,३५२ तास चालविण्यात आली. २००३ मध्ये हे परीक्षण थांबवून एंजिन उघडले असता ऋणाग्रापुढील साहाय्यक विद्युत् अग्र आयनांच्या माऱ्याने जवळजवळ नाहीसे झाल्याचे आढळले. विद्युत् अग्रेच नसलेल्या उद्‌गमाचे आकर्षण यावरून ध्यानात येईल.

हेलिकॉन तरंगांची ओळख प्रथम आकाशात झाली. पहिल्या महायुद्धात शत्रूचे दूरध्वनी संभाषण चोरून ऐकणाऱ्या जर्मन केंद्रांवर हाइन्‍रिख बार्कहाउझेन यांना वरच्या पट्टीतून खाली उतरत जाणाऱ्या शिट्ट्या ऐकू आल्या. त्यांनी ही माहिती १९१९ मध्ये प्रसिद्ध केली. विजेच्या लखलखाटातून निघालेले रेडिओ तरंग पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांना अनुसरून दूर अवकाशात जातात व दुसऱ्या गोलार्धात उतरतात, असे केंब्रिज येथील एल्. आर्. ओ. स्टोरी यांनी १९५३ मध्ये दाखविले. वाटेतील आयनद्रायूत उच्च कंप्रतेचा तरंग नीच कंप्रतेच्या तरंगापेक्षा वेगाने जातो. म्हणून शिट्टीचा स्वर उतरत जातो. पुढे फ्रेंच भौतिकीविज्ञ प्येअर एग्रँ यांनी १९६० मध्ये घन पदार्थांतही असे तरंग असावेत असे भाकीत केले व मळसूत्र या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘हेलिकॉन’ ही संज्ञा योजली. पुढच्याच वर्षी अतिशीत सोडियम धातूत ते आढळले. वायूतील आयनद्रायूकडे लक्ष वळले ते १९६० नंतरच्या दशकात. ऑस्ट्रेलियातील रॉड बॉझवेल यांनी १९७० मध्ये या तरंगांचाच उपयोग करून आयनद्रायू निर्माण केला. खर्चिलेल्या शक्तीच्या मानाने त्याची घनता अनपेक्षितपणे मोठी होती.

तरंगाची कंप्रता आयनांच्या बलरेषांभोवती फिरण्याच्या कंप्रतेहून पुष्कळ जास्त व इलेक्ट्रॉनांच्या फिरण्याच्या कंप्रतेहून पुष्कळ कमी असावी लागते. ०·०२ टेस्ला क्षेत्रात (हे पृथ्वीच्या पृष्ठभागावरील क्षेत्राच्या सु. ४०० पट होय) इलेक्ट्रॉन दर सेकंदास सु. ५६ कोटी वेळा, तर अर्गॉनाचा आयन अवघ्या सु. ७,६०० वेळा फिरतो. औद्योगिक वापरासाठी राखून ठेवलेली १३·५६ मेगॅहर्ट्‌झ ही सोयीची कंप्रता या दोहोंच्या मध्ये येते. अशा स्थितीत आयन जवळजवळ स्थिर राहतात आणि बलरेषांना जखडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या आडव्या सरकण्याने निर्माण होणारा प्रवाह तरंगाला वाहून नेतो. तरंगाचा अक्षीय वेग व इलेक्ट्रॉन घनता यांच्या गुणाकाराला चुंबकीय क्षेत्राने भागले असता येणारी राशी नळीच्या त्रिज्येने ठरून जाते. तरंगलांबी मुख्यत्वे आकाशकाच्या लांबीने ठरत असल्याने क्षेत्र वाढविले की घनताही त्याच प्रमाणात वाढते. उदा., ५ सेंमी. त्रिज्येची नळी, २५ सेंमी. तरंगलांबी व ०·०२ टेस्ला क्षेत्र घेतल्यास घनता दर घ. मी.ला सु. २ × १०<sup>१८</sup> इलेक्ट्रॉन इतकी येते. निर्वातात याच कंप्रतेच्या तरंगाची लांबी २२ मी. असते, यावरून आयनद्रायू तरंगाला किती मंद करतो ते कळते.

मात्र शक्ती वाढवीत गेल्यास घनता सावकाश चढत नाही, तर उड्या घेते. आरंभी आकाशकाच्या विद्युत् क्षेत्रामुळे क्षीण विसर्जन होते, नंतर विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाने ते दाट होते व शेवटी तरंग नळीत बसू लागला म्हणजे घनता एकदम वाढते. अर्गॉन वापरल्यास या वेळी नळीच्या मध्यभागी झगझगीत निळा स्तंभ दिसतो. तो अर्गॉन आयनांच्या प्रकाशाचा असतो. शक्ती कमी करताना मात्र उडी त्याच ठिकाणी परत होत नाही.

तरंगाची ऊर्जा इलेक्ट्रॉनांना मिळते तरी कशी, हा या विषयातील सर्वांत चिवट प्रश्न होय. हेलिकॉन तरंग टकरींमुळे फारच थोडा क्षीण होतो. तेवढ्याने निरीक्षित आयनीकरणाचा उलगडा होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रान्सिस चेन यांनी लँडाउ संदमनाची कल्पना मांडली. तीनुसार तरंगाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन लाटेवर स्वार झालेल्या फळीप्रमाणे ऊर्जा घेतात. वरील उदाहरणातील तरंगाचा वेग सु. ३,४०० किमी./से. आहे. त्या वेगाच्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा सु. ३३ इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते, तर अर्गॉनाच्या आयनीकरणास सु. १५·८ पुरतात. हा जुळता हिशोब मोहक होता. परंतु १९९९ मध्ये चेन व डी. डी. ब्लॅकवेल यांनी केलेल्या मापनात असे शीघ्र इलेक्ट्रॉन पुरेशा संख्येने आढळले नाहीत. आपल्याच उपपत्तीची मर्यादा आपणच मोजून दाखविण्याचा हा प्रसंग विज्ञानेतिहासात नोंद घेण्याजोगा आहे.

दरम्यान युक्रेनमधील के. पी. शाम्राय व व्ही. बी. तारानोव्ह यांनी इलेक्ट्रॉनांची निरूढी विचारात घेतली, तेव्हा नळीत दुसराही तरंग असला पाहिजे असे दिसून आले. तो म्हणजे १९५९ मध्ये ए. डब्ल्यू. ट्रायव्हलपीस व आर्. डब्ल्यू. गूल्ड यांनी वर्णिलेला तरंग. त्याची त्रिज्यीय तरंगलांबी अगदी लहान असून तो भिंतीलगत उत्पन्न होतो व टकरींमुळे लवकर विरतो. त्याच्या अस्तित्वाचा प्रायोगिक पुरावा २००२ मध्ये मिळाला. नळी व्यापतो हेलिकॉन. पण पुष्कळशी ऊर्जा कडेला हा दुसरा तरंग देऊन टाकतो. तरीही घनता मध्यभागीच सर्वाधिक का, याबद्दल मतभेद आहेत.

दाट आयनद्रायू मिळाला म्हणजे रेटा मिळालाच असे नाही. नळीच्या तोंडाशी बलरेषा फाकलेल्या असतात व त्या चुंबकीय प्रोथाचे (तोटीचे) काम करतात. चपळ इलेक्ट्रॉन पुढे पसरतात व त्यामुळे उद्‌भवणारे विद्युत् क्षेत्र जड आयनांना मागोमाग खेचते. २००३ मध्ये क्रिस्टीन चार्ल्स व बॉझवेल यांनी कॅनबरा येथे अशा नळीच्या तोंडाशी विद्युत् वर्चस् एकाएकी उतरणारा पातळ दुहेरी थर दाखविला, तेव्हा मोठ्या आशा निर्माण झाल्या. प्रत्यक्ष मापनात मात्र सुरुवातीच्या एंजिनांची कार्यक्षमता शेकडा एकच्या आसपास भरली. बरेचसे आयन नळीच्या भिंतीवर आदळतात आणि आपल्याबरोबर ऊर्जाच नव्हे, तर अक्षीय संवेगही गमावतात. जपानमधील काझुनोरी ताकाहाशी यांनी उद्‌गमातील क्षेत्राची रचना बदलून हा ऱ्हास रोखला व २०२२ मध्ये शेकडा ३० पर्यंत कार्यक्षमता गाठली. चांगल्या हॉल एंजिनांची कार्यक्षमता शेकडा ५० हून अधिक असते.

निराळा मार्ग अमेरिकन अंतराळवीर फ्रँक्लिन चँग-दियाझ यांच्या ‘व्हासिमर’ एंजिनाचा आहे. त्यात हेलिकॉन उद्‌गमाकडे केवळ आयनीकरणाचे काम असते. आयनांना तापविण्यासाठी त्यांच्या फिरण्याच्या कंप्रतेशी जुळणारे दुसरे तरंग वापरतात. २०० किलोवॉट शक्तीच्या नमुन्याने अर्गॉनावर सु. ५० किमी./से. निष्कास वेग व सु. ७२ टक्के कार्यक्षमता दाखविली; परंतु ती थोड्या थोड्या वेळाच्या चाचण्यांत. २०२१ मध्ये सुधारित नमुना ८० किलोवॉटवर सलग ८८ तास चालला. विद्युत् अग्रांची झीज टळली, तरी नळीच्या भिंतीवर पडणारी उष्णता सतत काढून घेणे येथे अपरिहार्य ठरते, आणि अवकाशात ती केवळ प्रारणानेच बाहेर टाकता येते.