भिंत पुसली जाते, नोंद राहते

वढू बुद्रुक हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातले, भीमेकाठच्या मुलखातले गाव. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांना हाल हाल करून मारले. त्यांची समाधी या गावी आहे. फाल्गुन अमावास्येला, पुण्यतिथीच्या दिवशी, इथे माणसांचा पूर लोटतो. महाराजांची तसबीर आज घरोघरी आहे. पण ती कुणी काढली, हे कुणी विचारत नाही. विचारले तरी सांगणारा सापडणे कठीण. कोपऱ्यातली सही छापताना अनेकदा कातरली गेलेली असते.

शाळेच्या भिंतीवर राज्याभिषेक रंगवणारा, ट्रकच्या मागे मोर काढणारा, दुकानांच्या पाट्या लिहिणारा पेंटर गावोगाव होता. फ्लेक्स आला आणि त्याचे बरेचसे काम गेले. जे केले होते, तेही चुन्याखाली गेले. आता असा पेंटर नवे काम मागायला गेला आणि समोरचा म्हणाला, ‘आधीचे काही दाखवा’, तर त्याने दाखवायचे काय?

कोल्हापूरने या प्रश्नाची दोन उत्तरे दिली आहेत. आबालाल रहिमान हा विलक्षण प्रतिभेचा निसर्गचित्रकार १९३१ साली गेला. शाहू महाराजांच्या निधनानंतर, १९२२ साली, त्याने आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असे सांगतात. आज त्याची फार थोडी चित्रे पाहायला मिळतात. दुसरे रावबहादूर म. वि. धुरंधर. १८९० साली जे. जे. स्कूलमध्ये विद्यार्थी म्हणून शिरले, १९३१ साली तिथूनच निवृत्त झाले आणि १९४० साली ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र लिहून गेले. त्यांच्या चित्रकार कन्या अंबिकाबाईंनी वडिलांची आठवण जपली. म्हणूनच २०१८ साली मुंबईत धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा दाखवायला चित्रे होती आणि सांगायला हकिगतही होती.

आज हे काम संकेतस्थळ करू शकते. ज्याने उभा जन्म खतावणीत घालवला त्याला विचाराल, तर कलावंताचे संकेतस्थळ म्हणजे त्याची खतावणीच. चित्राचे नाव, वर्ष, माध्यम, लांबी-रुंदी आणि ते सध्या कुठे आहे, या पाच गोष्टी प्रत्येक चित्राखाली हव्यात. दोनशे चित्रे ओतण्यापेक्षा निवडक वीस पुरेत. फोटो सावलीतल्या सारख्या उजेडात, चित्रासमोर सरळ उभे राहून, फ्लॅशशिवाय काढावा. पाहणारा बहुधा मोबाइलवर पाहणार, म्हणून पान हलके असावे. मोठे मूळ फोटो घरी दोन ठिकाणी जपावेत. नाचणारी अक्षरे आणि आपोआप वाजणारे संगीत नको. चित्राला बोलू द्यावे. मजकूर मराठीत असावा, हवे तर शेजारी इंग्रजी. २०१४ पासून ‘.भारत’ असा देवनागरी पत्ताही घेता येतो.

एक गोष्ट मात्र घरातल्या जाणत्या मुलाने वा सुनेने जातीने पाहावी. संकेतस्थळाचा पत्ता बनवून देणाऱ्याच्या नव्हे, कलावंताच्या नावावर हवा. त्याचे शुल्क मुदतीत भरावे लागते. चुकले की पाटी उतरते. फुकटच्या जागेचाही भरवसा नाही. ‘जिओसिटीज’वर लोकांनी हौसेने मांडलेली लाखो पाने २००९ साली ती सेवा बंद होताच गेली.

कायदा कलावंताच्या बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रावरचा हक्क साधारणपणे चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. पण हक्क सांगायला आधी चित्र आपले आहे, हे दाखवता यायला हवे.

आपल्या गल्लीत, नात्यात असा एखादा पेंटरकाका असेलच. नातवंडांच्या हाती मोबाइल आहे. पुढच्या रंगसफेदीच्या आत त्याच्या भिंतींचे फोटो काढून घ्या, आणि कुठले चित्र कुठल्या साली काढले, हे त्याच्या तोंडून लिहून घ्या. फोटो नंतरही कुणी काढील. ही माहिती त्याच्याशिवाय कुणाजवळ नाही.