अठरा देते, असं म्हणतात

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे पडलं की डाव्या हाताला अधूनमधून उजनीचं पाणी दिसत राहतं, आणि पळसदेव ओलांडून लोणी देवकर आलं की एमआयडीसीच्या शेड सुरू होतात. जुना नऊ नंबरचा, आता पासष्ट नंबरचा हा महामार्ग. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटला निघालेल्या गाड्या, कारखान्यांकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर आणि पाळी सुटलेल्या कामगारांच्या मोटारसायकली असं सगळं एकाच डांबरावर चालतं. साहजिकच रस्त्याकडेला गॅरेजं आहेत, आणि गॅरेज म्हटलं की बोनेट उघडलेल्या एका गाडीभोवती पाच-सहा माणसं आलीच. त्यातला एकच काम करत असतो. बाकीचे गाडीवाले, गाडी घेऊ पाहणारे, किंवा नुसतेच गाडीचा नाद असलेले. इथला पहिला प्रश्न ठरलेला: "काय देतीय?" कशाबद्दल विचारलं, हे कुणी सांगत नाही आणि कुणाला सांगावं लागत नाही. उत्तरही ठरलेलं: "अठरा देतीय." तीन वर्षांची पेट्रोल गाडी अठरा देते, दहा वर्षांची अठरा देते, एसी लावून अठरा देते, न लावताही अठराच. काट्यावर उसाचं वजन दहा किलोंनी कमी दाखवलं तर आकाशपाताळ एक करणारी ही माणसं हा आकडा मात्र न मोजता घेतात आणि न मोजता देतात. हे नुसतं गमतीचं वाटून सोडून देण्यासारखं नाही. अशा कट्ट्यावरचा कोणता सल्ला घ्यावा आणि कोणता सोडावा, याची किल्ली मला त्यात दिसते. बोलणारा किती जाणकार आहे, याला इथे तितकं महत्त्व नाही. सल्ला चुकला तर ती चूक त्याच कट्ट्यावर परत येते का, हे पाहायचं.

परत येणारी चूक माणसाला किती तयार करते, हे मिस्त्रीकडे बघितलं की कळतं. बेचाळीस पासिंगची एखादी जुनी गाडी विकत घ्यायच्या आधी दाखवायला आणतात, तेव्हा तो रंगाकडे बघतही नाही. आधी बोनेटखाली वाकून फेंडरचे बोल्ट बघतो. कंपनीतून आलेल्या बोल्टाच्या कडांवर पान्याचा ओरखडा नसतो. रंग उडालेला दिसला की गाडी कुठेतरी ठोकलेली. मग दाराचं रबर ओढून काढतो आणि खालचे वेल्डिंगचे ठिपके एका अंतरावर आहेत का ते पाहतो. मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी चिखलाची रेघ शोधतो. २०१९ साली सांगली-कोल्हापूरच्या पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या गुंडाळीतला गाळ सहसा निघत नाही. सगळ्यात शेवटी ऑइलची पट्टी. ती काढतो, पुसतो, परत घालतो, परत काढतो आणि टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळून नाकाशी नेतो. शेजारचा नवशिका "ऑइल काळं पडलंय" म्हणतो, त्यावर मिस्त्री मान हलवतो: डिझेल गाडीचं ऑइल काही शे किलोमीटरमध्येच काळं पडतं, त्याचं काही नाही. त्याला हवा असतो तो बोटांमधला खरखरीतपणा आणि नाकाला जाणवणारा इंधनाचा वास. खरखर लागली तर आत काहीतरी झिजतंय, इंधनाचा वास आला तर ते ऑइलमध्ये उतरतंय. त्या चार-पाच सेकंदांत आजूबाजूची बडबड थांबते. कट्ट्यावरचं सगळ्यात खात्रीचं ज्ञान तिथे त्या दोन बोटांमध्ये असतं. त्याने "घे" म्हटलेली गाडी दोन महिन्यांत बसली, तर ती टोचन लावून त्याच्याच दारात येणार आणि मालक चारचौघांत बोलणार. ज्याची चूक दारात येऊन उभी राहते, त्याची बोटं तयार होतात.

यात संख्येचाही हात आहे. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावला बनत होतं, मारुती ते परवान्यावर स्वतः बनवायची. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी बोनेटखाली तेच इंजिन होतं. लोकांनी त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायला सुरुवात केली ती उगाच नाही. एप्रिल २०२०मध्ये बीएस-सहा आलं आणि मारुतीने डिझेल बंद केलं, पण रस्त्यावरच्या गाड्या राहिल्या. एकाच इंजिनाच्या पन्नास गाड्या ज्या गॅरेजमधून जातात, तिथे अमुक आवाज टायमिंग चेनचा की कशाचा, हे ओळखण्याइतका अनुभव आपोआप साचतो. "लांबून आलास तर लगेच चावी बंद करू नको, अर्धा मिनिट चालू ठेव" हा टर्बो गाड्यांबद्दलचा सल्लाही असाच टिकला. महामार्गावर ताणून आणलेल्या गाडीचा टर्बो प्रचंड तापलेला असतो. इंजिन बंद केलं की त्याच्या बेअरिंगला थंड ठेवणारं ऑइल थांबतं. ज्यांनी ऐकलं नाही, त्यांची बिलं इथेच वाचली गेली.

यावर कुणी म्हणेल, गाडीसोबत पुस्तिका येते, कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे, मग या खुर्च्यांवरच्या गप्पांची गरज काय? पुस्तिका निर्विवाद श्रेष्ठ आहे. ती वाचली जात नाही, हा तिचा दोष नव्हे. पण वॉरंटी संपलेली, तिसऱ्या मालकाकडे आलेली गाडी आणि इंदापूर-बारामतीकडचा खेपा मारणारा माणूस, यांचा हिशेब पुस्तिकेत नसतो. हा पार्ट आज बदलायचा की हंगाम उरकल्यावर, असं पुस्तिका सांगत नाही. ते मिस्त्री सांगतो. त्यामुळे कट्टा नको, असं मी म्हणणार नाही. तो कुठे आंधळा होतो, एवढंच बघायला हवं.

आंधळेपणाचा पहिला प्रकार जुन्या खरेपणातून येतो. "उतार लागला की न्यूट्रल मारायची" हा सल्ला आजही छातीठोकपणे दिला जातो. एके काळी तो बरोबर होता. याच इंदापूर तालुक्यातल्या कळंबला ज्यांनी वालचंदनगर उभं केलं, त्याच वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिची फियाट, पुढे पद्मिनी झालेली, कार्ब्युरेटरवर चालायची. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवली तरी कार्ब्युरेटर पेट्रोल ओढतच राही, मग न्यूट्रल केल्यावर फरक पडे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की संगणक इंधन बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर इंजिन सुरू ठेवायला त्याला इंधन द्यावंच लागतं, आणि वर इंजिनाचा ब्रेक जातो तो वेगळाच. म्हणजे सल्ला देणारे आजोबा खोटं बोलत नव्हते. त्यांचं इंजिन गेलं, सल्ला मागे राहिला. तो खोडला का गेला नाही? कारण त्यातलं नुकसान थेंबाथेंबाचं आहे. टाकीमागे पाव लिटर जास्त गेलं, म्हणून कुणी गॅरेजसमोर येऊन भांडत नाही.

दुसरा प्रकार टायरचा, आणि तो जास्त वाईट. "उन्हाळा हाय, हवा दोन पॉइंट कमीच ठेव, तापून वाढती" हे ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं, की त्यावर शंका घ्यायला जड जातं. टायर तापतो, दाब वाढतो, इथपर्यंत खरं आहे. पाच-सहा अंशांना साधारण एक पॉइंट वाढतो. पण कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात धरलेली असते. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त दबते, जास्त तापते, आणि टायर फुटण्याचं मोठं कारण ती उष्णताच. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२मध्ये खुला झाल्यावर टायर फुटून इतके अपघात झाले, की परिवहन विभागाला गाड्यांचे टायर तपासायला माणसं उभी करावी लागली. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर सात वर्षांचं असू शकतं. हे आकडे वाचून दाखवणारा पंक्चरवाला कट्ट्यावरच्या दहा जणांपेक्षा मोलाचा. दुर्दैवाने तो कमी बोलतो.

आणि आता इथेनॉल. या गप्पांमध्ये सध्या सगळ्यात मोठा आवाज याचाच. "वीस टक्के आल्यापासनं अठराची बारा झाली राव!" पुन्हा अठरा. तेव्हा आता मोजूनच टाकू. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळलं, तर एकूण तूट सहा-सात टक्क्यांची. २०२१मध्ये सरकारच्याच तज्ज्ञ समितीने जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी हाच अंदाज दिला होता. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर खरोखर अठरा देणारी गाडी १६.८च्या आसपास येईल. शिवाय शुद्ध पेट्रोल पंपावर होतं कुठे? दहा टक्के मिश्रण जून २०२२मध्येच आलं होतं, त्यामुळे प्रत्यक्ष फरक अर्धा-पाऊण किलोमीटरचा. अठराचे बारा व्हायला टाकीत निव्वळ इथेनॉल ओतावं लागेल. मुळात ती गाडी अठरा देत होती हे कुणी तपासलं होतं? पहिल्या टकला टाकी फुल करा, पाचशे किलोमीटर फिरवा, त्याच पंपावर परत फुल करा. २७ ऐवजी ३२ लिटर गेलं, तर गाडी साडेअठराच्या जागी साडेपंधरा देते. ही वही फारच थोडे ठेवतात. पण म्हणून तक्रार धुडकावून लावणं चुकीचं ठरेल. तूट लहान असली तरी आहे, जुन्या गाड्यांतली काही रबरं आणि गॅस्केट लवकर बदलावी लागू शकतात हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५च्या खुलाशात मान्य केलं, आणि ऊर्जा कमी म्हणून दरही कमी असावा ही त्या समितीचीच शिफारस पंपावरच्या भावात उतरलेली नाही. त्यात आपल्या भागाचा पेच निराळा. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला आडकाठी घातली, तेव्हा शेतकऱ्याचं मरण म्हणून इथेच ओरड झाली होती. उसाच्या बाजूने बसलं की इथेनॉल देव, टाकीच्या बाजूने बसलं की भूत.

एक आक्षेप उरतो: गप्पा त्या गप्पा, त्यांना एवढा ताजवा-काटा कशाला लावायचा? मान्य झालं असतं, पण या गप्पा ऐकून माणसं रात्री गाडी चालवतात. याच कट्ट्यावर मिळणारा एक सल्ला कुठल्याही पुस्तिकेत सापडणार नाही: हंगामात रात्री समोरून एकच दिवा दिसला तर मोटारसायकल समजू नको, एका दिव्याचा ट्रॅक्टर असतो, मागे दोन ट्रॉल्या असतात आणि ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो. हा सल्ला इथे अनेक अपघातांतून तपासून निघालेला आहे, आणि तो जितक्या जणांना सांगाल तितका थोडा.

तोच कट्टा मागच्या सीटच्या पट्ट्याबद्दल मात्र हसतो. "मागं कशाला? आमी वीस वरीस बिनपट्ट्याचं फिरतोय." वीस वर्षं फिरलेला माणूसच हे सांगायला खुर्चीवर बसलेला असतो; ज्याचं चुकलं तो सांगायला येत नाही, त्यामुळे ही बाजू इथे ऐकूच येत नाही. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर होते आणि पट्टा नव्हता, असं तपासात निघालं. पुढचे काही दिवस चर्चा झाली, मग पट्ट्याची पिपाणी बंद करायच्या क्लिपा विकल्या जात राहिल्या. २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच विक्री-संकेतस्थळांना त्या काढून टाकायला सांगावं लागलं. जुनी गाडी घेताना चिखल शोधायला मागचा पट्टा शेवटपर्यंत ओढतात, आणि एकदा घेतली की तो कुणी ओढत नाही. मागच्या सीटवरच्या प्रवाशालाही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे आणि न लावल्यास दंड एक हजार रुपये आहे.